पूछताछबाबूंचा रविवार

दूधविनायकाच्या गल्लीत शिरून नीलकंठ देवधर कुठे राहतात असं विचारलंत, तर चार माणसं डोकं खाजवतील आणि पाचवा तुम्हाला भलत्याच देवधरांकडे नेऊन सोडेल. पूछताछबाबू म्हणा, पानवालासुद्धा हातातलं पान तसंच ठेवून जिना दाखवील. बनारसच्या कॅन्ट स्टेशनावर 'पूछताछ' लिहिलेल्या चौकशीच्या खिडकीमागे नीलकंठरावांची सारी नोकरी गेली. नोकरी संपली, पण नाव काही अंगावरून उतरलं नाही. त्यांनाही ते उतरायला नकोच होतं. गल्लीतून कुणी "बाबूजी, एक बात बताइए" अशी हाक मारली की त्यांचा चेहरा असा खुलायचा की विचारणाऱ्यालाच आपण काही उपकार केल्यासारखं वाटावं.

खिडकीत बसायचा त्यांचा एक कायदा होता. गाडी कोणती, किती वाजता, कुठल्या फलाटावर, कुठे बदलायची, एवढं सांगायचं आणि पुढच्या माणसाकडे बघायचं. का चाललात, हे विचारायचं नाही. रडून डोळे सुजलेली माणसं त्यांच्यासमोर येऊन गावाकडची पहिली गाडी विचारत. हातावरची मेंदी अजून ओली असलेल्या नव्या नवऱ्या येत. नीलकंठराव दोघांनाही एकाच आवाजात उत्तर द्यायचे. मागे एवढी रांग खोळंबलेली असताना प्रत्येकाच्या घरात डोकावायला ते काही मोकळे नव्हते, आणि परक्याच्या दुःखात नाक खुपसणं त्यांना असभ्यपणाचंही वाटे. माणूस मुळात वाईट नव्हता हो. पण अशी सवय इतकी वर्षं अंगात मुरली की ती खिडकीबरोबर बंद होत नाही, ती संध्याकाळी आपल्याबरोबर घरी येते आणि पाटावर जेवायला बसते.

घरी ऋता होती, एकुलती एक मुलगी. तिनं लहानपणी प्रश्न विचारून विचारून बापाला सुखात ठेवलं. हिवाळ्यात गंगेवर येणारे पांढरे पक्षी उन्हाळ्यात कुठे जातात, घाटावरच्या त्या वेताच्या छत्र्या विणतं कोण, नाव वल्हवणाऱ्याला पोहता यावंच लागतं का. नीलकंठराव तिला बोटाला धरून मैदागिनच्या बाजूला असलेल्या मोठ्या पुस्तकालयात नेत आणि दोघं मिळून शोधत. बापलेकीचं प्रेम म्हणतात ते त्या घरात असं होतं. तिला ताप आला तर जवळ बसून "कसं वाटतंय?" म्हणायचं काम तिच्या आईचं, प्रभावतीबाईंचं होतं, आणि ताप का येतो हे सांगायचं नीलकंठरावांचं.

ती शिकली, कंप्युटरची नोकरी धरून बंगळूरला गेली, आणि ब्याण्णवच्या दिवाळीत घरी आली ती फराळाचं ताट पुढ्यात असताना म्हणाली, "बाबा, मी लग्न केलंय. कोर्टात. नंजुंड नाव आहे त्याचं, म्हैसूरकडचा आहे."

नीलकंठरावांनी हातातली चकली ताटात ठेवली. "विचारायचं तरी होतंस," एवढंच ते म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

हे अगदी खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्या माणसाला अख्खा बनारस विचारून जातो त्याला घरच्या लेकीनं विचारलं नाही, हा सल सगळ्यात मोठा होता. जात, भाषा, कोर्ट हे सगळं त्याच्या मागून आलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. ती निघाली तेव्हा प्रभावतीबाईंनी पदर खोचत विचारलं, "पोचवायला येताय ना?" तर हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "गाडी पाच नंबरवर लागते."

त्यानंतर ऋता काशीत आली ती एकदाच, आईच्या दिवसांना. तेरावा झाला, गेली. दोघांत बोलणं झालं ते दर्भ, तीळ आणि रिक्षा यांच्यापुरतं.

प्रभावतीबाई होत्या तोवर संकठाजीच्या देवळापाशी असलेल्या एसटीडीच्या दुकानातून त्या लेकीशी बोलायच्या आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बातम्या सांगायच्या. नीलकंठराव ऐकत नसल्यासारखं करून सगळं ऐकायचे. घरी फोन हवा म्हणून त्या बाईंनीच कधीतरी अर्ज करून ठेवला होता. सरकारी कामाप्रमाणे तो फोन आला, पण त्या गेल्यानंतर. लाइनमन येऊन काळं यंत्र कोनाड्यात बसवून गेला, त्या दिवशी नीलकंठरावांनी त्याच्यासमोर बसून खूप वेळ काढला. बोलायला आता कोणी नाही आणि फोन घरात, याचा त्यांना राग आला आणि मग रडूही आलं.

पहिल्या रविवारी सकाळी तो वाजला. रविवारी दर निम्मे असतात, म्हणून रविवार. नंबर तिला कुणी दिला ते त्यांनी विचारलं नाही.

"बाबा, मी बोलतेय."

"हां."

"तिकडे ठंड पडली का?"

"पडली."

तिच्याकडचे पैसे नुसते पळत होते. नीलकंठरावांना पोटातून वाटत होतं की हिनं फोन ठेवू नये, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, एक विचारायचं होतं. नंजुंड या नावाचा अर्थ काय होतो हो? तुमच्या त्या पुस्तकालयात मिळेल का?"

त्या दिवाळीनंतर जावयाचं नाव बापलेकीत पहिल्यांदाच निघालं, तेही असं, चौकशीच्या रांगेतून. नीलकंठराव खाकरले. "बघावं लागेल," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी सांगतो."

आणि पुढच्या रविवारी फोन आल्यावर त्यांनी सांगितलं, "कानडीत नंजु म्हणजे विष. नंजुंड म्हणजे विष प्यायलेला. शंकराचं नाव आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय... नीलकंठ."

पलीकडे ऋता हसली, आणि इकडे नीलकंठरावांनाही हसू आवरलं नाही. आता लग्नाला पाच वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याच्या नावाचा अर्थ ठाऊक नसेल, यावर तुमचाआमचा विश्वास बसणार नाही. नीलकंठरावांचा बसला. विचारलेल्या प्रश्नाच्या मागे काही असतं ही कल्पनाच त्यांना नव्हती.

तेव्हापासून तसा परिपाठच पडला. ऋतानं रविवारी प्रश्न विचारायचा, नीलकंठरावांनी सोमवारी छत्री आणि चष्मा घेऊन पुस्तकालय गाठायचं, आठवडाभर शोधायचं आणि पुढच्या रविवारी उत्तर द्यायचं. उत्तर संपलं की तिचा नवा प्रश्न तयार. कशी आहेस, काय खातेस, नवरा नीट वागतो ना, हे त्यांच्या जिभेवर कधी येत नसे. पण निदान एक प्रश्न कायम उधार राहिलेला असे, आणि त्या उधारीवर नीलकंठरावांचा आठवडा चालायचा. शनिवारी ते दाढी करून घेऊ लागले. फोनवर दाढी दिसत नाही हे त्यांना कळत होतं, तरी करायचे.

पुस्तकालयात श्रीराम दुबे होते. उंच, वाकलेले, कायम मफलर गुंडाळलेले, उन्हाळ्यातसुद्धा. तिथली पद्धत अशी की आतल्या कपाटांपाशी कुणी जायचं नाही. चिठ्ठीवर लिहून द्यायचं आणि बाकावर बसायचं. दुबेजी चिठ्ठी वाचत, पण लगेच उठत नसत. आधी चष्म्यावरून बघत आणि विचारत, "किसको चाहिए?"

नीलकंठरावांना या सवयीचा भारी राग येई. पहिल्या वेळी त्यांनी ऐकवलंही, "दुबेजी, आपको इससे क्या? किताब माँगी है, किताब दीजिए."

दुबेजींनी शांतपणे मफलर सावरला. "देखिए बाबूजी, साँप की किताब माँगने तीन आदमी आते हैं. बच्चा आए तो तस्वीरवाली दूँगा. वैद्यजी आएँ तो मोटीवाली. और जिसको काटा है उसको किताब नहीं, रिक्शा दूँगा. पूछूँगा नहीं तो पता कैसे चलेगा?"

यावर नीलकंठराव काय बोलणार? "बिटिया ने पूछा है," ते पुटपुटले. त्यानंतर दुबेजींनी पुस्तक तर आणून दिलंच, वर दर वेळी बिटियाची चौकशी सुरू केली. कशी आहे, कितना बड़ा घर है, बच्चे? नीलकंठराव "ठीक है, ठीक है" करून टाळायचे. त्यातल्या कशाचंच उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि उत्तर नसणं ही गोष्ट त्यांना पायात काटा रुतल्यासारखी सलायची.

पण ते बाकावरचे तास! वीज गेली की दुबेजी खिडक्या उघडत, खिडक्या उघडल्या की माकडं येत, माकडांना हाकलता हाकलता चहा येई. हिवाळ्यातल्या त्या पांढऱ्या पक्ष्यांबद्दल ऋतानं पुन्हा एकदा विचारलं तेव्हा त्यांना पक्षी सापडायच्या आधी गंगेतले मासे सापडले, माशांवरून मल्लाहांची, म्हणजे नावाड्यांची, गाणी, गाण्यांवरून कुणा इंग्रज कलेक्टरनं लिहिलेलं पुराचं वर्णन. ते सगळं त्यांनी फोनवर तिला सांगितलं. पक्षी शेवटी आले. "बाबा, मी पक्षी विचारले होते," ती हसत म्हणाली, "पण सांगा, सांगा."

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात एका रविवारी ती सहज बोलून गेली, "आमच्या ऑफिसात आता इंटरनेट आलंय, बाबा. काही पण टाइप करा, शोधून देतं. दो मिनट में."

नीलकंठरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "सगळं?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ काही."

फोन ठेवल्यावर ते कोनाड्यासमोरून उठलेच नाहीत. दोन मिनिटांत सगळं मिळत असेल तर आठवडाभर वाट बघून म्हाताऱ्याला कोण विचारणार? त्यांना स्टेशनावर नवा बोर्ड लागला तो दिवस आठवला. गाड्यांच्या वेळा त्यावर आपोआप बदलायच्या आणि लोक खिडकीकडे न बघताच पुढे जायचे. तेव्हा वाईट वाटलं होतं, पण तेव्हा पगार तरी चालू होता. आता त्यांच्याकडे गमावण्यासारखी एकच गोष्ट होती, रविवारची ती हाक, आणि ती कुणी यंत्र घेऊन जाणार या विचारानं त्यांचा जीव कासावीस झाला.

त्यांचे दोस्त विश्वेश्वर पाध्ये. विद्यापीठातून निवृत्त झालेले, संकठा घाटावर संध्याकाळी बरोबर बसणारे, नवीन काही निघालं की त्याच्या मागे धावत जाणारे. त्यांच्यापाशी नीलकंठरावांनी मन मोकळं केलं. विश्वेश्वरांनी मांडीवर थाप मारली. "अरे, मग घाबरतोस कशाला? आपणही शिकू. गोदौलियाला एक जण सायबर कॅफे उघडून बसलाय. चल, उद्याच जाऊ. एकदम झकास चीज आहे."

गेले. चपलांच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर दोन यंत्रं, एक पंखा आणि पडद्याआड बसलेला मालक. यंत्र टेलिफोनला जोडताना ते मांजराला कुणी पिरगळावं तसं ओरडलं आणि विश्वेश्वरांनी "हा तो! हाच तो आवाज!" म्हणून अशी मान हलवली की जणू कुणाचं गाणं चाललंय. मालकानं विचारलं, "क्या खोजना है?" नीलकंठरावांनी तेच सांगितलं, हिवाळ्यात गंगेवर येणारे पांढरे पक्षी. मालकानं एका बोटानं इंग्रजीत टाइप केलं. उत्तरं आली ती ढिगानं. पहिलं एका हॉटेलचं. दुसरं कुणा परदेशी बाईच्या सहलीचं, तिनं काढलेला फोटो वरून खाली पट्टी पट्टीनं उतरत होता. आधी आभाळ आलं, मग घाटाच्या पायऱ्या, मग एका पक्ष्याचं पंखाचं टोक, आणि वीज गेली.

नीलकंठरावांना मनातून गुदगुल्या झाल्या. पण वीज परत आली, आणि चौथ्या की पाचव्या ठिकाणी सगळं मिळालं, पक्ष्याचं नाव, कुठून येतो, कुठल्या वाटेनं परत जातो. जे शोधायला पुस्तकालयात एक आठवडा गेला होता ते चहा निवायच्या आत समोर. मासे नाहीत, मल्लाह नाहीत, कलेक्टर नाही, आणि "किसको चाहिए" असं विचारणारं कुणी नाही. ही शेवटची गोष्ट त्यांना, खरं सांगायचं तर, आवडली. यंत्र त्यांच्याच जातीचं निघालं. विचारलं की उत्तर, पुढचा माणूस.

मग काय, नीलकंठराव तिथले गिऱ्हाईक झाले. पुस्तकालयाची वाट सुटली. दुबेजी एकदा चौकात भेटले, "बाबूजी, आना छोड़ दिया?" तर ह्यांनी गुडघेदुखीची थाप मारली. मनात एकच हिशेब होता, तिच्या ऑफिसातलं यंत्र दोन मिनिटांत सांगतं ना, मग मीही दोन मिनिटांत सांगेन. बाप मागे राहिला असं तिला वाटता कामा नये. रविवारी तिनं विचारलं की सोमवारी सकाळीच उत्तर त्यांच्या हाती असे. फक्त रविवारपर्यंत दम धरणं आता जड जाई.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ऋताचा आवाज जरा वेगळा होता. थकल्यासारखा, आणि तरी काहीतरी दाबून ठेवल्यासारखा. इकडचं तिकडचं झालं आणि ती म्हणाली, "बाबा, बंगळूरहून काशीला यायला आता कोणती गाडी बरी?"

नीलकंठरावांचे कान टवकारले. हा तर त्यांच्या घरचा प्रश्न! "मी असतानाच्या वेळा बदलल्या असतील आता," ते म्हणाले. "बघून सांगतो."

रविवारची वाट कोण बघतो. सोमवारी त्यांनी सायबर कॅफेच्या माळ्यावर जाऊन वेळापत्रक शोधलं, स्टेशनावर जाऊन जुन्या सहकाऱ्याकडून खात्री करून घेतली, आणि त्याच संध्याकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः बंगळूरचा नंबर फिरवला.

"मुगलसरायपर्यंत थेट गाडी आहे," त्यांनी सुरू केलं, आणि मग थांबलेच नाहीत. कुठल्या दिवशी सुटते, कुठे रात्र होते, कुठे जेवण चांगलं मिळतं, कुठे पाणी भरून घ्यावं, मुगलसरायला उतरल्यावर कुठल्या बाजूनं बाहेर पडावं. नोकरीत असताना खिडकीत असं सुंदर उत्तर त्यांनी कुणाला दिलं नसेल.

ऋता ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "खालचा बर्थ मिळतो का, बाबा?"

"आधी आरक्षण केलं तर मिळतो."

"झटके फार बसतात का त्या गाडीत?"

"डब्याच्या मधे जागा घ्यावी. चाकांवर बसतात झटके."

पलीकडे ती थांबली. आपण काही सांगायचं राहिलं का, असं नीलकंठरावांना वाटलं. "अजून काही?" त्यांनी विचारलं.

"नाही," ऋता म्हणाली. "कळलं. ठीक आहे."

त्या संध्याकाळी घाटावर विश्वेश्वरांना त्यांनी ही गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगितली. एका दिवसात उत्तर, तेही आपणहून फोन करून! विश्वेश्वरांनी दोन द्रोण मलाई मागवली.

पुढच्या रविवारी फोन आला नाही.

त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. नीलकंठरावांनी रिसीव्हर उचलून आवाज येतो का बघितलं, येत होता. होळी आली, गल्ली लाल हिरवी झाली, धुतली गेली, फोन गप्पच. त्यांनी तिच्या ऑफिसातल्या यंत्राला शिव्या घातल्या. घेतलं शेवटी यानं, म्हणाले. बसली असेल ऑफिसात, टाइप करत असेल, पट्टी पट्टीनं उत्तरं उतरत असतील. आता तिला बाप कशाला? स्वतः फोन करावा असं रोज वाटायचं, पण काय म्हणून करणार? तिनं काही विचारलेलं नव्हतं. प्रश्नाशिवाय उत्तर द्यायला जाणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. रात्री जेवताना ते ताटातल्या भातात नुसती बोटं फिरवत बसत. लेकीच्या आवाजासाठी माणूस असा भुकेला होऊ शकतो हे त्यांना या वयात कळत होतं, आणि सांगायला प्रभावतीबाई नव्हत्या.

शेवटी एका दुपारी पाय आपोआप मैदागिनकडे वळले. दुबेजी चिठ्ठ्या लावत बसले होते. काही न बोलता त्यांनी बाक पुसला.

"कौन सी किताब?"

"कोई नहीं." नीलकंठराव बसले. मग न विचारताच त्यांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. फोन येत नाही, यंत्रानं घात केला, मुलीला आता त्यांची गरज उरली नाही.

दुबेजींनी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. "आख़िरी बार क्या पूछा था बिटिया ने?"

"गाड़ी पूछी थी. बंगलौर से बनारस की."

"तो बिटिया आ रही है?"

नीलकंठरावांनी चष्मा काढून हातात धरला.

"कब आ रही है? अकेली? क्यों आ रही है?"

"मैंने पूछा नहीं," नीलकंठराव म्हणाले.

दुबेजी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना हसू आलं नाही, रागही आला नाही. त्या माणसाच्या चेहऱ्यावर निखळ आश्चर्य होतं. "नहीं पूछा?" ते हळूच म्हणाले.

खालचा बर्थ. झटके. नीलकंठराव उठले. छत्री बाकावरच राहिली. गल्ल्यांमधून ते इतक्या झपाट्यानं चालले की एका बैलानंही त्यांना वाट दिली. तिनं गाडी विचारली होती आणि त्यांनी गाडी सांगितली होती, जशी खिडकीतून कुणालाही सांगितली असती. सहा वर्षांनी पोर रांगेत येऊन उभी राहिली, आणि त्यांनी तिला उत्तर देऊन पुढच्या माणसाकडे बघितलं होतं. पुढे माणूसच नव्हता. जिना चढताना त्यांना धाप लागली, तशीच त्यांनी नंबर फिरवला. रविवार नव्हता, दर पूर्ण होते.

तिनंच उचलला. "हॅलो?"

"ऋता." पुढचा प्रश्न त्यांनी जोर करून बाहेर काढला. "तू गाडी का विचारली होतीस?"

"आता कशाला, बाबा?"

"सांग मला. का विचारलीस?"

"टाइमटेबल माझ्या समोर उघडंच होतं," ऋता म्हणाली. तिचा आवाज हलायला लागला होता. "मला वाटलं, तुम्ही विचाराल, कोण येतंय. मग मी सांगेन. सहावा संपत आला होता मला. आई असती तर... आपल्याकडे पहिल्या खेपेला मुलीला माहेरी नेतात ना. मी कसं म्हणू, मला न्यायला या? लग्नाला विचारलं नव्हतं मी तुम्हाला. मला वाटलं, नुसतं एकदा 'ये' म्हणाल."

नीलकंठरावांनी कोनाड्याच्या कडेला हात टेकला. "मला वाटलं," ते म्हणाले, "तुला गाडीच हवीय."

"माहीत आहे," ती म्हणाली. रडत होती, आणि रडता रडता थोडी हसलीही. "बाबा, मला माहीत आहे."

"मग आता ये. मी येतो न्यायला. उद्याच निघतो."

"आता नाही येता येणार. आठवा लागतोय. डॉक्टर प्रवास करू नको म्हणतात, बिल्कुल नाही."

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. एक महिना त्यांनी फोनकडे बघत घालवला होता, त्या एका महिन्यात ती या घरात येऊन गादीवर पडली असती, खायला काय हवं ते मागितलं असतं, प्रभावतीबाईंच्या पितळी डब्यातून खाऊ काढून खाल्ला असता. बाळ काशीत जन्मलं असतं. ते आता व्हायचं नव्हतं, आणि कुठल्याही गाडीनं ते परत मिळायचं नव्हतं. नीलकंठरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"ऋता," त्यांनी विचारलं, "मी तिकडे आलो तर चालेल का? तुमच्या घरी?"

रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला, आणि मग दूरून, घराच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी ऐकू जावं म्हणून मारलेली, लहानपणी ती जिन्यावरून मारायची तशी हाक त्यांना ऐकू आली.

"सुनो! सुनो ना, मेरे बाबा आ रहे हैं!"